डोंगराच्या पोटातलं लाकूड

झाशी हे दगडाचं गाव. बंगरा टेकडीवरचा किल्ला दगडाचा, पायथ्याच्या शहराचा परकोट दगडाचा. खंडेराव दरवाजा, ओरछा दरवाजा, सागर दरवाजा, सगळे दगडाचे. बुंदेलखंडात जुन्या घरावर छत घालायचं तर लांबरुंद फरश्या टाकत, आणि जेठाच्या उन्हात त्या फरश्या रात्रीपर्यंत तापलेल्या राहत. लाकूड दिसायचं ते दारापुरतं आणि खाटेपुरतं. १७४२ मध्ये पेशव्यांचे सुभेदार नारो शंकर यांनी झाशीचा कारभार हाती घेतला, किल्ला वाढवला, आणि त्यांच्या मागोमाग कारकून, भिक्षुक, शिलेदार अशी मराठी घरं या खडकाळ मुलखात उतरली. आमचं घर त्यांतलंच. शहरातली जुनी माणसं आम्हाला अजून दक्खिनी म्हणतात. घरात मराठी, ओसरीवर बुंदेली, ताटात एका बाजूला आमटी आणि दुसऱ्या बाजूला उडदाचे बरे, असे आम्ही वाढलो. आजोबा सांगायचे, देशावर घर बांधतात तेव्हा आधी लाकडाचा सांगाडा उभा राहतो आणि मग भिंती येतात. मला ते लहानपणी खरं वाटत नसे. भिंत नसताना छप्पर कशावर राहील?

राणीमहालात गेलं की मी अजूनही दरबाराच्या दालनात थांबते. नेवाळकरांनी अठराव्या शतकात बांधलेला हा महाल आता संग्रहालय आहे. खाली ओळीने नवव्या ते बाराव्या शतकांतल्या दगडी मूर्ती मांडल्या आहेत, आणि वरच्या दालनात रंगवलेल्या फुलांची, वेलींची, पक्ष्यांची नक्षी अजून शाबूत आहे. हे उरलं हेच नवल. एप्रिल १८५८ मध्ये ह्यू रोजची फौज शहरात शिरली, तेव्हा वरसईचे विष्णुभट गोडसे झाशीत होते. यज्ञाच्या दक्षिणेच्या आशेने कोकणातून निघालेला हा भिक्षुक वेढ्यात सापडला. त्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ साली छापला गेला. शहराला लागलेली आग, लूट, राजवाड्यातल्या पुस्तकशाळेचा नाश हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. आमच्या घरी तो ग्रंथ देवघराशेजारच्या फडताळात असे. तो वाचताना मला सारखं वाटायचं, जळालं ते कागद आणि लाकूड. आम्हाला मिळालं ते उरलेलं गाव, दगडांचं.

लाकडाचा ध्यास मात्र मला लागला तो फार दूर, नॉर्वेत. भाची बर्गनला असते. तिने मला बोरगुंडच्या चर्चला नेलं. साधारण ११८० नंतर उभारलेलं, सगळं पाइनचं, वर्षानुवर्षं डांबर पाजून काळंभोर झालेलं ते देऊळ (मला दुसरा शब्द सुचला नाही) डोंगरांच्या खोबणीत उभं आहे. एकावर एक चढत गेलेली छपरं, त्यांवर लाकडाच्या पातळ खापऱ्या, आणि टोकांना जबडा वासलेले लाकडी नाग. आमच्याकडे देवळाच्या उंबऱ्याशी कीर्तिमुख असतं, इथे राखणदार छपरावर बसतो. आत काळोख आणि डांबराचा वास. माणसं पायांतले जोडे न काढता आत जातात, याची मला शेवटपर्यंत सवय झाली नाही. पण त्या काळी आत बाकं नव्हती, सगळे उभ्यानेच प्रार्थना ऐकत, हे कळल्यावर जागा ओळखीची वाटू लागली.

तिथल्या बाईंनी मला विचारलं, तुमच्याकडे अशी लाकडी प्रार्थनाघरं आहेत का? मी कार्ल्याच्या लेण्याचं नाव सांगितलं. दोन हजार वर्षांचं लाकूड अजून छताला आहे म्हणाले. त्यांनी वहीत लिहून घेतलं. मी ते फक्त वाचलेलं होतं. परतल्यावर पाऊस ओसरायची वाट पाहिली आणि झाशीहून दक्षिणेला निघाले. विष्णुभट आले त्याच्या उलट्या दिशेने.

ललितपूर, बिना मागे पडलं की जमीन मऊ होत जाते, काळी होते. विदिशेनंतर डाव्या हाताला टेकडी येते आणि डब्यातली माणसं बोलता बोलता थांबून खिडकीकडे बघतात. सांचीचा स्तूप गाडीतूनही दिसतो. मी उतरलेच.

सांचीला लोक तोरणांवरची शिल्पं पाहायला जातात. जातककथा, हत्ती, झाडाला लगडलेली यक्षी. मी मात्र बराच वेळ कठड्यापाशी होते. स्तूपाभोवतीचा तो दगडी कठडा कुणा गवंड्याच्या डोक्यातून निघालेला नाही. उभ्या खांबांना खाचा पाडल्या आहेत, आडव्या दांड्यांची टोकं त्या खाचांत बसवली आहेत, आणि वरून एक सलग गोलसर पाट ठेवून सगळं आवळलं आहे. रानातल्या शेताला कुंपण घालणाऱ्या माणसाची ही रीत. दगडाला तिची गरज नाही. दगड दगडावर ठेवला की वजनानेच बसतो. त्याला भोक पाडून दांडी आत सरकवणं म्हणजे दुप्पट कष्ट आणि तुटण्याची भीती. तरी त्यांनी तसंच केलं, कारण पवित्र जागेभोवतीचं कुंपण असंच असतं हे ठरलेलं होतं. तोरणंही तशीच, दोन खांब आणि त्यांवर आरपार गेलेल्या तीन तुळया. दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्या कारागिरांनी आपण हे कोरीवकाम केल्याचं लिहून ठेवलं आहे. दगडाच्या कामावर दंतकारांची सही! हस्तिदंतावर चालणारा हात, सुताराने ठरवलेला आकार आणि खाणीतला दगड, असे तिघे तिथे एकत्र आले आहेत.

श्रीलंकेहून आलेला यात्रेकरूंचा जथा पांढऱ्या कपड्यांत प्रदक्षिणा घालत होता. त्यातल्या एका आजींनी माझ्या हातात कमळाची कळी ठेवली आणि पुढे चालण्याची खूण केली. झाशीत अनोळखी माणसाला आधी गाव विचारतात, मग जात, मग घरातली माणसं किती ते. त्या आजींनी काहीच विचारलं नाही. मी त्यांच्या मागे चालत राहिले, हात कठड्यावरून फिरवत.

नाशिकला थांबण्याचं कारण नारो शंकर. झाशीत त्यांचं नाव किल्ल्याच्या भिंतींत आहे. इथे गोदाकाठी पंचवटीत त्यांनी १७४७ मध्ये बांधलेलं रामेश्वराचं देऊळ त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. तटावरच्या छत्रीत मोठी घंटा टांगली आहे, नारोशंकराची घंटा. ती पोर्तुगालमध्ये १७२१ साली ओतलेली. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून देशावर आल्या आणि देवळांत लागल्या. त्यांतली ही एक. गोदेला पूर आला की पाणी घंटेला लागलं का, असं नाशिककर अजून एकमेकांना विचारतात. चर्चची घंटा शंकराच्या देवळात गेली आणि शेवटी नदीची मोजपट्टी झाली. मला हे फार आवडलं.

खरं नाशिक मला भेटलं ते जुन्या गल्ल्यांत. पावसाने एका वाड्याची बाजू ढासळली होती आणि मालकांनी उरलेलं उतरवायला काढलं होतं. रस्त्यावर माती, विटा, आणि त्या ढिगामागे वाड्याचा सांगाडा तसाच उभा. आजोबांचं बोलणं मला त्या क्षणी पटलं. भिंत गळून पडली होती, पण खांब, खांबांवरचे हस्त, त्यांवर तुळई, तुळईवर कडीपाट, सगळं जागच्या जागी होतं. एक म्हातारे मिस्त्री खुंट्या ठोकून सैल करत होते. लोखंडाचा खिळा फार थोड्या ठिकाणी होता.

“काका, हे पाडायला किती दिवस?” मी विचारलं.

“पाडायचं नाही ताई, उकलायचं,” ते म्हणाले. “ज्या क्रमाने बसवलं त्याच्या उलट क्रमाने काढायचं. घाई केली की कुसू मोडतो. कुसू मोडला की खांबाचा भाव गेला.”

त्यांनी मला खांबाचा पाय दाखवला. सुरूदार खांब जमिनीत पुरलेला नव्हता; घडीव दगडी तळखड्यावर ठेवलेला होता. ओल दगडापाशी थांबते, लाकडापर्यंत चढत नाही. मिस्त्री म्हणाले, सागवानाला मारणारे दोनच, ओल आणि वाळवी, आणि दोन्ही जमिनीतूनच येतात.

हेच मी बोरगुंडला ऐकलं होतं. नॉर्वेतली आधीची चर्चं खांब जमिनीत रोवून उभी करत आणि काही पिढ्यांत ती खालून कुजत. मग कुणीतरी खांब मातीतून वर काढले, दगडी जोत्यावर लाकडी पाट टाकला आणि खांब त्या पाटावर उभे केले. एवढ्या एका बदलाने इमारती आठशे वर्षं टिकल्या. गोदेकाठचा सुतार आणि फ्योर्डकाठचा सुतार एकाच शत्रूशी लढत होते आणि त्यांना उत्तरही एकच सापडलं. वाड्याचे खांब कुठे जाणार, असं मी मिस्त्रींना विचारलं. घनफुटावर विकले जातील, म्हणाले. चांगले कोरलेले कुठल्या तरी हॉटेलच्या दारात उभे राहतील. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. मला मात्र त्या रात्री जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिसळीच्या दुकानात गर्दी बघून मन थोडं निवळलं. नाशिककर मिसळीबरोबर पापड आणि दही घेतात, आणि रस्सा परत मागताना लाजत नाहीत. आमच्याकडे सकाळी कचोरी-जिलेबी खाऊन माणूस सुस्त होतो. इथे घाम पुसत पुसत लोक कामाला लागतात.

मळवलीला उतरलं तेव्हा मावळ हिरवागार होता. इंद्रायणीच्या खोऱ्यात भात ओंबीवर आलेला, वर लोहगड आणि विसापूर ढगांत. बुंदेलखंडात पाणी म्हणजे तळं: चंदेलांनी, बुंदेल्यांनी बांध घालून अडवलेलं, मोजून वापरायचं. इथे पाणी डोंगरावरून नुसतं सांडत असतं आणि कुणी त्याच्याकडे वळूनही बघत नाही. भाजे गावात एका घरी जेवायची सोय झाली. चुलीवरची तांदळाची भाकरी, पिठलं, हिरव्या मिरचीचा ठेचा, आणि वरून इंद्रायणी तांदळाचा मऊ भात. वाढणाऱ्या वहिनी प्रत्येक वेळी “घ्या की, लाजता काय” म्हणत. आमच्याकडे पाहुण्याला आग्रह करताना हात जोडतात. इथे रागे भरतात. दोन्हींत माया सारखीच. वहिनींच्या सासूबाईंना मी लेण्यातल्या लाकडाबद्दल विचारलं. “हाय की. पांडवांनी बशिवलं,” त्या म्हणाल्या. “रातीत एक कोंबडा आरवायच्या आत.”

पायऱ्या चढून गेलं की भाज्याचं चैत्यगृह एकदम समोर येतं, कारण त्याला दर्शनी भिंतच नाही. होती ती लाकडाची होती आणि ती गेली. उरलेल्या खडकात तिच्या चौकटीची भोकं आणि खाचा दिसतात, त्यांवरून ती कशी उभी असेल याचा अंदाज येतो. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातलं हे काम. आत सत्तावीस अष्टकोनी खांब, शेवटी साधा स्तूप, आणि वर गजपृष्ठाकार छताला लावलेल्या लाकडाच्या कमानी, एकामागून एक, दूरवर गेलेल्या.

डोळे अंधाराला सरावले तेव्हा खांब कललेले दिसले. दोन्ही रांगा आतल्या बाजूला झुकलेल्या. भूकंपाने नाही, खोदणाऱ्याच्या चुकीनेही नाही. लाकडी मंडप बांधताना जमिनीत रोवलेले खांब मुद्दाम आत कलते ठेवत, म्हणजे छपराचा भार त्यांना बाहेर ढकलू शकत नाही. इथे छप्पर म्हणजे अख्खा डोंगर. तो कुणाला ढकलत नाही. तरी खोदणाऱ्यांनी खांब कलते ठेवले. त्यांनी आयुष्यभर पाहिलेली प्रार्थनाघरं लाकडाची होती, आणि ती कलत्या खांबांचीच होती. ती घरं एकूण एक नाहीशी झाली आहेत. ती कशी होती हे आपल्याला समजतं ते फक्त या दगडातून.

कमानींकडे मान वर करून पाहत राहिले. या सागवानाच्या कमानींवर कसलाही भार नाही. त्या खडकाला आधार देत नाहीत, खडकच त्यांना धरून आहे. मग इतक्या उंचावर, इतक्या कष्टाने त्या का बसवल्या? मला वाटतं, दगड पोखरून झाल्यावर भिक्षूंनी आत येऊन वर पाहिलं असेल, आणि वासे नसलेल्या छताखाली त्यांना घरात आल्याचं वाटलं नसेल. माणूस लाकडाखाली बसून देवाचं नाव घेत आला होता. त्याला डोंगराच्या पोटातही वर लाकूड हवं होतं.

विसाव्या शतकाच्या मध्यावर एम. एन. देशपांडे यांनी या कमानींवर कोरलेले छोटे ब्राह्मी लेख उजेडात आणले. त्यांच्या अक्षरांची वळणं इसवी सनापूर्वीची. म्हणजे हे लाकूड नंतर कुणी दुरुस्तीला घातलेलं नाही, मूळचंच आहे. बावीसशे वर्षांपूर्वी सह्याद्रीत कुठेतरी उभा असलेला साग माझ्या डोक्यावर होता. बोरगुंडच्या पाइनचं झाड जेव्हा रुजलं, तेव्हा या सागाला तोडून हजार वर्षं होऊन गेली होती.

पण तुलना करताना एक गोष्ट मनाला टोचते. नॉर्वेतली चर्चं माणसांनी टिकवली, आणि त्यांनीच पाडलीही. मध्ययुगात तिथे अशी हजारावर चर्चं असावीत असं मानतात. आज २८ उरली आहेत. १८५१ च्या कायद्याने चर्चमध्ये वस्तीतल्या दहापैकी तीन माणसांना तरी जागा हवी असं ठरलं, आणि लहान, जुनी चर्चं भराभर पाडली गेली. वांगचं चर्च तर त्याआधीच पाडून विकलं गेलं होतं. योहान क्रिस्तियान दाल या चित्रकाराच्या खटपटीने प्रशियाच्या राजाने ते विकत घेतलं, आणि ते आज पोलंडच्या डोंगरांत उभं आहे. हळूहळू लोक जागे झाले. १८४४ मध्ये स्थापन झालेल्या प्राचीन वास्तूंच्या संस्थेने बोरगुंड आणि उर्नेस ताब्यात घेतली आणि जपली. दर काही वर्षांनी कुणीतरी शिडी लावून डांबर लावतं म्हणून ती उभी आहेत. एकदा विसरलं तर ऊन आणि पाऊस काम सुरू करतात. बर्गनजवळचं फांतोफ्त तर १९९२ साली एका रात्रीत कुणीतरी पेटवून दिलं. आमच्याकडचं लाकूड डोंगराने सांभाळलं. पाऊस आत येत नाही, ऊन पोचत नाही, आणि वर चढायला कुणाला जमत नाही. बेडशाच्या देखण्या लेण्यात मात्र एकही कमान उरलेली नाही. आपण या लाकडासाठी काय केलं, असं मला कुणी विचारलं तर डोंगराकडे बोट दाखवण्यापलीकडे माझ्याकडे फारसं उत्तर नाही.

इंद्रायणीच्या पलीकडे कार्ला. वाट सगळी एकवीरेची. फुलांच्या वेण्या, खणा-नारळाची ताटं, गुलाल, बँजोवर वाजणारी आईची गाणी, आणि किनाऱ्यावरून आलेली कोळी-आगरी माणसं, घरंच्या घरं, लेकराबाळांसकट. बायकांच्या अंगावर ठसठशीत सोनं आणि केसांत गजरे. झाशीत देवीला जाताना आवाज खाली येतो, पदर पुढे येतो. इथे आईच्या भेटीला माहेरी आल्याच्या थाटात, मोठ्याने हसत जातात. पाच मिनिटांत मीही त्यांच्या एका घोळक्यात सामील झाले होते. कुठून आलात? झाशीहून. “राणीचे गावाशी!” एका बाईने सगळ्यांना ओरडून सांगितलं, आणि त्या वेळेपासून मला एकटीला चालू दिलं नाही.

देवीचं देऊळ चैत्यगृहाच्या अगदी तोंडाशी. दर्शन घेऊन निघालेले बरेच लोक लेण्याकडे पाहतही नाहीत. आमचा घोळका मात्र माझ्याबरोबर आत आला. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकाच्या सुमाराचं हे चैत्यगृह भारतात सगळ्यांत मोठं: सुमारे ३८ मीटर लांब आणि १४ मीटर उंच. इथे खांब सरळ उभे आहेत. भाज्यापासून इथवर येईतो खोदणाऱ्यांच्या लक्षात आलं होतं की दगडाला कलायची गरज नाही. दोन्ही बाजूंच्या खांबांच्या माथ्यावर हत्ती बसले आहेत आणि हत्तींवर स्त्री-पुरुषांच्या जोड्या. खांबांवर देणगीदारांची नावं आहेत. त्यांत धेनुकाकटाचे यवनही आहेत. दूर वैजयंतीच्या भूतपालशेठने हे जंबुद्वीपातलं उत्तम शैलगृह असल्याचं अभिमानाने कोरवून ठेवलं आहे. तो अभिमान त्याला शोभतो.

मी शोधत होते ते दाराजवळचं एक लहान वाक्य. वेणुवासाचा मुलगा सामी, धेनुकाकटाचा सुतार, याने हे दार केलं. शेठ, भिक्षू, परदेशी व्यापारी यांच्या गर्दीत एका सुताराचं नाव, बापाच्या नावासकट. डोंगर फोडून केलेल्या या घराचं दार करायला त्यांनी सुताराला बोलावलं. सांचीला दंतकार होते, इथे सामी आहे. नाशिकच्या त्या म्हाताऱ्या मिस्त्रींचं नाव मी विचारून घेतलं नव्हतं, तेव्हा मला ते फार आठवले.

आत लाकूड भाज्यापेक्षाही भरघोस आहे. कमानींची दाट रांग स्तूपापर्यंत जाते आणि तिथे अर्धवर्तुळात वळते. स्तूपावरची छत्रीसुद्धा लाकडाची आहे आणि तीही टिकली आहे. समोरच्या मोठ्या गवाक्षातून उजेड येतो तो थेट स्तूपावर पडतो आणि कमानींच्या कडा उजळतो. मुलं “ओ” देऊन घुमारा ऐकत होती. बरोबरच्या बाईंनी, त्या उरणकडच्या कोळीवाड्यातल्या, वर पाहिलं, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाल्या, “आमचे होरीचे पोटान बसल्यावानी वाटतं गो बाय.”

त्यांचे यजमान, पन्नाशीचे, आतापर्यंत काही बोलले नव्हते. ते खांबांच्या रांगेतून चालत गेले, मान वर, मधून मधून थांबत. परत आल्यावर त्यांनी सांगितलं ते मी आजवर कुठल्याही पुस्तकात वाचलं नव्हतं. त्यांचे वडील होडी बांधायचे. होडीच्या फासळीला लाकूड वाकवून चालत नाही. वाकवलेलं लाकूड परत सरळ व्हायला बघतं, आणि ते बघतं ते भर दर्यात. जंगलात जाऊन मुळातच वाकडं वाढलेलं झाड शोधावं लागतं, फांदीचा नाहीतर मुळाचा सांधा, आणि त्याच्या वळणात फासळी कापायची. “वडील झार बगूनच सांगाचे, यान चार फासल्या हान,” ते म्हणाले. आता त्यांच्या गावात फायबरच्या होड्या येतात. वडिलांची वाकस आणि पटाशी घरात आहे, पण चालवणारा नाही. वरच्या कमानी एका तुकड्याच्या की जोडलेल्या, यावर त्यांचा आणि मेव्हण्याचा वाद सुरू झाला. दोघे बराच वेळ बोट वर करून बोलत होते आणि बायका हसत होत्या.

मी फोन काढला. बोरगुंडच्या आतला एक फोटो होता: खांब वर तुळईला भिडतो त्या कोपऱ्यात बसवलेला वळणदार लाकडी गुडघा. तो गुडघाही तिथल्या सुतारांनी झाडाच्या बुंध्यातून मूळ फुटतं त्या नैसर्गिक वळणातून कापलेला, असं मला तिथे सांगितलं होतं. मी यजमानांना एवढंच म्हणाले की हे बर्फाच्या मुलखातलं देऊळ आहे, आठशे वर्षांचं. त्यांनी फोन हातात घेतला. बाहेरचा, नागांच्या छपराचा फोटो आला तो बोटाने बाजूला सारला, पुन्हा कोपऱ्यावर आले, दोन बोटांनी तो मोठा केला, लाकडाच्या रेषा कुठून कुठे वळतात ते पाहिलं.

“यो सुतार होरी बांधनारा हाय,” ते म्हणाले, आणि फोन मेव्हण्याच्या हातात दिला.